खडकाला लागलेला स्टर्नड्राइव्ह : उद्यमनगरात वेल्डिंगला देण्यापूर्वी सल्ला हवा आहे

घाटावरचा

नमस्कार. मी कोल्हापुरात राहतो आणि बोटींशी माझा संबंध आजवर रंकाळ्याच्या काठावर उभे राहून भेळ खाण्यापुरताच होता. आता मात्र माझ्या मावसभावाची 18 फुटी फायबरची बोट ट्रेलरसह आमच्या गोडाऊनच्या दारात उभी आहे. ती मालवणला पर्यटकांसाठी चालते. तिच्यात मर्क्रूझरचे 3.0 लिटरचे पेट्रोल इंजिन आणि मागे अल्फा वन जनरेशन टू हा ड्राइव्ह आहे. मे महिन्यात ओहोटीच्या वेळी किल्ल्याच्या बाजूच्या खडकाळ भागात तिचा ड्राइव्ह खडकाला लागला. पावसाळ्यात हा व्यवसाय बंद असतो, शिवाय गिअर, बेअरिंग आणि वेल्डिंगची कामे कोल्हापुरात चांगली होतात, म्हणून फोंडा घाट आणि राधानगरीमार्गे बोट वर आणली.

डोळ्यांना दिसणारे नुकसान असे : ड्राइव्हच्या तळाशी असलेला पात्यासारखा भाग, ज्याला स्केग म्हणतात, तो तळहाताएवढा तुटून गेला आहे. पंख्याचे (म्हणजे प्रोपेलरचे) एक पाते मुडपले आहे आणि दुसऱ्याची कड चेचली आहे. भाऊ सांगतो की धक्क्यानंतर बोट सावकाश बंदरापर्यंत आली. पण गिअर टाकल्यावर मागचा भाग थरथरत होता आणि स्टिअरिंग वळवले की जात्यासारखी घरघर येत होती. इथल्या उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीतील एका वेल्डरने ड्राइव्ह बोटीला तसाच ठेवून एका दिवसात स्केग जोडून देण्याची तयारी दाखवली आहे. पंखा बदलावा, स्केग जोडावा आणि बोट परत पाठवावी, एवढ्यावर काम भागेल का?

उद्यमनगरी

वेल्डरला आजच फोन करून थांबवा. मी त्याच भागात जॉब वर्क करतो, त्यामुळे त्या बिचाऱ्याची कारागिरी मी कमी लेखत नाही. त्याला आत काय आहे याची कल्पना नसावी एवढेच. स्केगच्या थेट वर पंख्याचा शाफ्ट, त्याचे बेअरिंग, रबरी ऑइल सील आणि तेलाने भरलेली गिअरची पोकळी आहे. ॲल्युमिनियम उष्णता फार वेगाने पसरवते, त्यामुळे तळाशी टिग वेल्डिंग लावले की सील भाजणार, तेल धुमसणार आणि तुमचा जोड ब्लोहोलनी, म्हणजे हवेच्या भोकांनी, भरणार. खालचे केसिंग पूर्ण रिकामे झाल्याशिवाय त्याला वेल्डिंगची टॉर्च लावायची नाही.

दुसरे असे की स्केग तुटला हे एका अर्थी बरे झाले. तो तुटताना धक्क्याचा काही भाग त्याने स्वतःवर घेतला. प्रश्न उरलेल्या धक्क्याचा आहे आणि तो पंख्यातून शाफ्टवर, शाफ्टवरून गिअरवर गेलेला असणार.

शंकासूर

मध्येच विचारतो, क्षमस्व. स्टर्नड्राइव्ह म्हणजे नेमके काय? २०१९ आणि २०२१ च्या महापुरात चिखली, आंबेवाडी, शिरोळकडे ज्या रबरी बोटी फिरत होत्या त्यांचे इंजिन तर मागे बाहेर टांगलेले होते.

जुना फिटर

त्या बोटींचे इंजिन आउटबोर्ड प्रकारचे होते, म्हणजे इंजिन, गिअर आणि पंखा हे सगळे एकाच खांबावर बोटीच्या बाहेर. स्टर्नड्राइव्हमध्ये इंजिन मोटारीसारखे बोटीच्या आत बसते. त्याची शक्ती मागच्या भिंतीतून आडवी बाहेर येते, उभ्या शाफ्टने खाली उतरते आणि पुन्हा आडवी होऊन पंख्याला मिळते. व्होल्वो पेंटाने 1959 मध्ये ॲक्वामॅटिक या नावाने ही रचना बाजारात आणली आणि लवकरच मर्क्रूझर तिच्या स्पर्धेत उतरले. इंजिन आत आणि वळणारा, वर उचलला जाणारा भाग बाहेर असल्यामुळे मधल्या सांध्यात युनिव्हर्सल जॉइंट (कोनात वळूनही फिरणारा सांधा), त्याच्यावर रबरी बेलोज (घड्यांची नळी) आणि भिंतीत एक बेअरिंग लागते. त्याला गिंबल बेअरिंग म्हणतात. या तीन वस्तू ध्यानात ठेवा, कारण मला वाटते या धाग्यात त्यांची गाठ पुन्हा पडणार आहे.

पुरासाठी मात्र स्टर्नड्राइव्हचा विचारही कोणी करू नये. उसाच्या फडावरून आणि बुडालेल्या कुंपणांवरून जायचे असेल तर झटक्यात वर उचलता येणारे आणि बिघडल्यास दोघांनी उतरवून बदलता येणारे आउटबोर्डच हवे.

आता मूळ प्रश्नाकडे. घाटावरचा, आपण नवीन पंखा लावून बोट चालवून पाहू नका. पुढील तपासण्या बोट ट्रेलरवर असतानाच होतात आणि त्यांना फारसा खर्च नाही.

प्रथम ड्राइव्हमधील गिअरचे तेल पाहा. ड्राइव्ह सरळ खाली करून बोट एक रात्र स्थिर ठेवा आणि सकाळी खालचा प्लग अगदी हळू सैल करा. पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळे ते साचले असेल तर आधी तेच येईल. नंतर येणारे तेल काचेच्या बरणीत घ्या. ते दुधाळ किंवा चहासारखे दिसले तर पाणी आत शिरून गिअरमध्ये घुसळले गेले आहे असे समजा. प्लगला लोहचुंबक असते. त्यावर काळसर, बोटांत चोळल्यावर मऊ लागणारी लुगदी असेल तर ती नेहमीची झीज आहे, पण नखाला टोचणारा कण किंवा चकती निघाली तर दात किंवा बेअरिंग फुटले आहे.

त्यानंतर पंखा काढा आणि शाफ्टच्या टोकाजवळ, आट्यांच्या थोडे आधी, डायल गेज (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारे मापयंत्र) लावून शाफ्ट हाताने सावकाश फिरवा. साधारण 0.15 मिमीपेक्षा जास्त काटा हलला तर शाफ्ट वाकला आहे. तो प्रेसवर सरळ करून देतो असे सांगणारे तुम्हाला उद्यमनगरात दहा जण भेटतील. त्यांना नम्रपणे नमस्कार करा. सरळ केलेला शाफ्ट मी दोनदा वापरून पाहिला आहे आणि दोन्ही वेळा एका हंगामात सील गेले.

देवबागकर

आमच्याकडे खाडीत आणि समुद्रात बहुतेक सगळे आउटबोर्डच चालवतात. स्टर्नड्राइव्हवाला क्वचित सापडतो आणि त्याचे कारण या धाग्यात हळूहळू सगळ्यांना कळेलच. तरी एक अनुभवाची गोष्ट सांगतो. पंखा काढल्यावर त्याच्या मागे, शाफ्ट जिथे केसिंगमध्ये शिरतो तिथे, तंगूस गुंडाळलेला आहे का ते टॉर्चच्या उजेडात पाहा. जाळ्याचा किंवा गळाचा नायलॉन दोरा पंख्यात ओढला गेला की तो वेगामुळे तापतो आणि सीलच्या ओठात सुरीसारखा रुतून बसतो. बाहेरून काहीच दिसत नाही. पुष्कळदा दोष खडकाला दिला जातो आणि चोर तंगूस असतो.

घाटावरचा

सर्वांचे आभार. रविवारचा पूर्ण दिवस यात गेला. प्लग सैल केल्यावर आधी अर्धा पेलाभर स्वच्छ खारट पाणी आले. खारट असल्याचे माझ्या मुलाने चाखून सिद्ध केले, त्याबद्दल घरात जे झाले ते येथे लिहीत नाही. मागून आलेले तेल दुधी कॉफीच्या रंगाचे होते. चुंबकावर फक्त मऊ लुगदी आहे, कण नाहीत. डायलचा काटा 0.42 मिमी हलला. आणि देवबागकर, आपण म्हणालात तसा हिरवट नायलॉन दोरा खरोखरच सीलजवळ निघाला, सुमारे वीतभर.

घरघर मात्र तशीच आहे. ड्राइव्हच्या पाणी घेण्याच्या जाळीला रबरी कप लावून, बागेचा पाइप जोडून इंजिन सुरू केले. न्यूट्रलमध्येसुद्धा आवाज येतो. स्टिअरिंग मध्यावर असताना कमी आणि कोणत्याही एका बाजूला पूर्ण वळवले की स्पष्ट वाढतो.

उद्यमनगरी

माझ्या मते खालच्या गिअरचे दात गेले आहेत. न्यूट्रलमध्ये आवाज येतो म्हणजे गिअरच. शाफ्ट 0.42 वाकण्याइतका मार बसला असेल तर पिनियन, म्हणजे उभ्या शाफ्टच्या खालच्या टोकाचा लहान गिअर, कसा वाचेल?

जुना फिटर

येथे मी आपल्याशी सहमत नाही आणि कारण सविस्तर देतो, कारण एवढ्या एका मुद्द्यावर लोक नाहक नवीन गिअर विकत घेतात.

अल्फा ड्राइव्हमध्ये गिअर जोडणारा डॉग क्लच अगदी खाली, पंख्याच्या शाफ्टवर असतो. त्यामुळे न्यूट्रलमध्येसुद्धा वरचे गिअर, उभा शाफ्ट, पिनियन आणि खालचे दोन्ही गिअर फिरतच राहतात. थांबलेला असतो तो फक्त पंख्याचा शाफ्ट. म्हणजे न्यूट्रलमधील आवाज गिअरचा असू शकतो आणि युनिव्हर्सल जॉइंटचा किंवा गिंबल बेअरिंगचाही असू शकतो. मर्क्रूझरच्याच ब्राव्हो ड्राइव्हमध्ये क्लच वरच्या भागात असतो, म्हणून तेथे हीच चाचणी निराळे उत्तर देते आणि इतरांचे अनुभव वाचताना ड्राइव्ह कोणता आहे हे आधी पाहावे लागते.

फरक कळतो तो स्टिअरिंगवरून. दात खराब असतील तर आवाज भार आणि वेग यांच्याबरोबर बदलतो. ड्राइव्ह डावीकडे आहे की उजवीकडे, याच्याशी त्याला काही घेणेदेणे नसते. वळवल्यावर वाढणारी घरघर म्हणजे सांध्यावर कोन पडल्यावर तक्रार करणारी वस्तू. चुंबकावर कण नाहीत, हाही गिअर शाबूत असल्याचा पुरावा आहे. थरथर फक्त गिअर टाकल्यावर येत होती, ती वाकलेल्या शाफ्टची आणि मुडपलेल्या पंख्याची. तिला घरघरीपासून वेगळी करा.

ड्राइव्ह उतरवा. उतरवण्यापूर्वी गिअर फॉरवर्डमध्ये असलाच पाहिजे, नाहीतर शिफ्टचा आतील सांधा सुटत नाही आणि मग लोक पहार लावतात. ट्रिमचे, म्हणजे ड्राइव्ह वर-खाली करणारे, दोन्ही सिलिंडर मागून सोडा, खाली ठोकळे द्या, सहा नट काढा आणि ड्राइव्ह सरळ मागे ओढा. मग गिंबल बेअरिंगमध्ये दोन बोटे घालून ते फिरवा. बोटांना जे कळेल ते येथे लिहा.

घाटावरचा

उतरवला. बोटांना वाळू भरडल्यासारखे लागले आणि बोटे गंजाने लाल झाली. बेलोजच्या आतून लाल पाणी ओघळले. बेलोजच्या घड्यांमध्ये खालच्या बाजूला चार बोटे लांबीची चीर आहे, पण ती ताजी नाही, कारण चिरेच्या कडा कडक आणि काळ्या पडल्या आहेत. युनिव्हर्सल जॉइंटच्या एका क्रॉसच्या टोप्यांतूनही गंजाची भुकटी पडते आहे.

याचा अर्थ हा दोष खडकाच्या आधीपासूनचा आहे. मागील वर्षी ज्या ठिकाणी सर्व्हिसिंग केले त्यांच्या बिलात बेलोज बदलल्याचे लिहिले आहे. त्यांचे नाव येथे घेत नाही. भावाला मी ते बिल जपून ठेवायला सांगितले आहे.

उद्यमनगरी

गिअरचा आरोप मागे घेतो.

देवबागकर

ही चीर वेळीच सापडली हे नशीब समजा. बोट बांधून ठेवलेली असताना बेलोज पूर्ण फाटला तर पाणी थेट बोटीच्या आत येण्याचा धोका असतो आणि सकाळी बंदरावर दोरी तेवढी दिसते. गिअर केबलचा छोटा बेलोजही त्याच वेळी बदला, तो स्वस्त आहे आणि तोही तितकाच दगा देतो. आणखी एक, बोट पाण्याबाहेर महिनोन् महिने ड्राइव्ह वर उचलून ठेवू नये. रबराच्या घड्या ताणलेल्या अवस्थेत कडक होतात आणि खाली केल्यावर तिथेच चिरतात.

जुना फिटर

म्हणजे आता दोन स्वतंत्र आजार झाले आणि पाण्याच्या वाटाही दोन झाल्या. तेलात पाणी गेले ते पंख्याच्या बाजूच्या सीलमधून. बेअरिंगमध्ये पाणी गेले ते बेलोजमधून. यातील एकच दुरुस्त करून बोट पाठवली असती तर भाऊ दुसऱ्यासाठी पुन्हा घाट चढला असता.

खालचे केसिंग उघडताना पंख्यामागे बेअरिंग कॅरिअर (शाफ्टचे बेअरिंग ज्यात बसते तो भाग) आणि त्याला धरून ठेवणारा मोठा आटेदार रिंगनट मिळेल. सोडण्याची दिशा त्यावर बाणाने दिलेली असते आणि त्याची पत्र्याची लॉक वॉशर आधी सरळ करावी लागते. खाऱ्या पाण्यात तो नट केसिंगला चिकटलेला असणार. छिन्नीने ठोकू नका. हलक्या आचेने आणि योग्य पान्याने निघाला तर ठीक; न निघाल्यास नटाचा बळी द्या, केसिंगचा नको.

घाटावरचा

त्या नटाने आमचे दोन दिवस घेतले. भेदक तेल, गरम हवा, पुन्हा तेल आणि लांब पाना असे सगळे झाल्यावरही तो हलेना. शेवटी उद्यमनगरी स्वतः आले, याबद्दल त्यांचे येथे जाहीर आभार. त्यांनी नटाच्या कडेवर समोरासमोर चार छिद्रे पाडली. ड्रिलला खोलीची खूण म्हणून कागदी टेप गुंडाळली होती, जेणेकरून टोक केसिंगच्या आट्यांपर्यंत जाऊ नये. मग बारीक छिन्नी छिद्रात ठेवून आतल्या दिशेने हलका ठोका दिला. तिसऱ्या ठोक्याला नट तडकला आणि चौथ्याला तुकडा हातात आला. केसिंगच्या आट्यांवर ओरखडाही नाही.

आत पिनियन आणि दोन्ही गिअरचे दात स्वच्छ आहेत. कॅरिअरच्या बेअरिंगवर मात्र गंजाचे ठिपके पडले आहेत. उभा शाफ्ट व्ही ब्लॉकवर फिरवून पाहिला, तो सरळ आहे.

जुना फिटर

ठिपके पडलेले बेअरिंग परत बसवू नका, ते काही तासांतच ओरडू लागते. गिअर तेच वापरायचे असल्याने प्रत्येक शिम (अंतर जुळवणारी पातळ चकती) ज्या जागेवरून निघाली तेथेच, त्याच जाडीत परत गेली पाहिजे. प्रत्येक शिमची पुडी करून तिच्यावर जागा लिहा. जोडल्यावर पिनियनची उंची मात्र गेजने तपासा. या ड्राइव्हला गेजच्या ठोकळ्यापासून 0.025 इंच, म्हणजे सुमारे 0.64 मिमी अंतर लागते. हा ठोकळा अंदाजाने बनवून घेऊ नका, कोणा बोट मेकॅनिककडून मागून आणा.

सीलबद्दल एक सूचना. मापाचे ऑइल सील तुम्हाला कोल्हापुरात कोणत्याही बेअरिंगच्या दुकानात मिळेल, पण त्याच्या ओठामागची स्प्रिंग साध्या पोलादाची असते. खाऱ्या पाण्यात ती गंजून तुटते. मरीन सीलमध्ये ती स्टेनलेसची असते, म्हणून सील बोटीच्या सुट्या भागांच्या विक्रेत्याकडूनच घ्या. सील दोन असतात आणि ते पाठीला पाठ लावून बसतात, एकाचा ओठ आतील तेल अडवतो तर दुसऱ्याचा बाहेरचे पाणी. दोन्ही एकाच तोंडाने बसवलेले मी पाहिले आहेत.

उद्यमनगरी

स्केगचे काम माझ्या शेजारच्या शेडमध्ये केले. रिकामे केसिंग प्रथम गरम पाण्याने आणि सोड्याने धुतले, मग तुटलेल्या कडेपासून दोन बोटे वरपर्यंत ग्राइंडरने रंग आणि पांढरी बुरशी काढली. मीठ मुरलेले ओतीव ॲल्युमिनियम चकचकीत दिसले तरी वेल्डिंगमध्ये थुंकते. पहिला थर काळा आणि सच्छिद्र आला, तो पूर्ण खरवडून काढला आणि पुन्हा सुरुवात केली. भरणीसाठी 4043 तार वापरली, केसिंग आधी सावकाश गरम केले आणि नंतर वाळूत गार होऊ दिले. तुटलेला तुकडा समुद्रात असल्याने त्याच मॉडेलच्या चित्रावरून पुठ्ठ्याचा नमुना कापला. जाड, मजबूत स्केग करून देण्याचा मोह मला झाला होता, पण केला नाही. पुढच्या वेळी पुन्हा स्केगच तुटावा, केसिंग नव्हे.

शंकासूर

जुना पंखा ठोकून सरळ करता येत नाही का?

जुना फिटर

ॲल्युमिनियमचा पंखा विशेष दुकानात समतोल साधून दुरुस्त होतो, घरी नाही. तो सुटा पंखा म्हणून बोटीत ठेवावा. नवीन पंख्यावर एक युक्ती करा. पंख्याच्या बाहेरील नळीवर आणि आतील हबवर (शाफ्टवर बसणाऱ्या मधल्या गाभ्यावर) मिळून मागच्या बाजूने रंगाची एक सरळ रेघ ओढा. हब धक्का सोसण्यासाठीच घसरणारा असतो. पुढे कधी इंजिनाचे फेरे वाढले पण बोट पुढे सरकेना असे झाले, तर रेघ तुटलेली आहे का पाहिल्याने गिअर उघडण्याचे कष्ट वाचतील.

जोडणी झाल्यावर तेल भरण्याआधी दाबाची चाचणी घ्या. 10 ते 12 पीएसआय हवा भरून साबणाचे पाणी लावा आणि शाफ्ट फिरवत राहा. पण आधी 3 ते 5 पीएसआयवरही पाहा, कारण काही सील जास्त दाबाने ओठ घट्ट मिटतात आणि कमी दाबाला गळतात.

घाटावरचा

सुटे भाग गोव्याहून आले आणि पिनियनचा गेजही तेथील एका मेकॅनिकने चार दिवसांसाठी दिला. पंख्याचा नवीन शाफ्ट 0.03 मिमीवर फिरतो. पहिल्या दाबचाचणीत गिअर बदलणाऱ्या शिफ्ट शाफ्टजवळ बारीक बुडबुडे आले. तो सील आम्ही जुनाच ठेवला होता, तो बदलला आणि दाब टिकला.

गिंबल बेअरिंग नवीन बसवून इंजिन आणि ड्राइव्ह एका रेषेत आहेत का ते पाहण्याचा अलाइनमेंट बार घातला तर तो इंजिनच्या कपलरमध्ये अर्ध्यावर अडला. इंजिनचे पुढचे माउंट थोडे वर घेतल्यावर तो दोन बोटांनी आत जाऊ लागला. पाण्याच्या पंपाचा इम्पेलर (पाणी ढकलणारे रबरी चाक) उघडल्यावर एक पाकळी अर्धी गायब होती, ती पुढे पाइपच्या वळणात सापडली. ड्राइव्हचे सहा नट 68 न्यूटन-मीटरला आवळले. तेल खालून पंपाने भरले आणि वरच्या छिद्रातून बुडबुडा न येता तेल येईपर्यंत थांबलो. मग आधी वरचा प्लग लावला आणि नंतर खालचा.

ॲनोडबद्दल, म्हणजे ड्राइव्हऐवजी स्वतः झिजणाऱ्या धातूच्या तुकड्यांबद्दल, एक प्रश्न राहिला. दुकानदाराने मॅग्नेशियमचे देऊ केले होते.

देवबागकर

मॅग्नेशियम तुमच्या पंचगंगेच्या गोड्या पाण्यासाठी. समुद्रात ते काही दिवसांत विरघळून जाईल. आमच्याकडे जस्ताचे किंवा ॲल्युमिनियमचे लावा, आणि त्यावर रंग मारू नका.

घाटावरचा

ॲल्युमिनियमचे लावले. बोट सप्टेंबरअखेर फोंडा घाटाने खाली गेली, या वेळी ड्राइव्हला आधाराची लाकडी अडणी लावून. काल दहा तासांचे चालणे पूर्ण झाल्यावर भावाने तेलाचा नमुना बरणीत काढून फोटो पाठवला. तेल पारदर्शक आहे, पंख्यावरची रेघ जुळलेली आहे आणि दोन्ही बाजूंना पूर्ण वळवूनही आवाज नाही. पंख्यामागे मात्र पुन्हा बोटभर तंगूस निघाला, जो सीलपर्यंत पोहोचण्याआधीच त्याने कापून काढला.